उघडून बघता येणारा साप

गुरुजी, शाळेतल्या काँप्युटरचा ताबा माझ्याकडे आला, आणि याला जबाबदार तुम्ही आहात. काँप्युटर म्हणजे काय हे तुम्हाला ठाऊक असण्याचं कारण नाही. तुम्ही गेलात तेव्हा सोनपेठेत रेडिओ असलेली घरंसुद्धा लोक बोटावर मोजून दाखवायचे. टाइपरायटरला सिनेमाचा एक छोटा पडदा जोडलाय आणि दोघांच्या मधे एक पत्र्याची पेटी बसलीय, जी सांगितलेलं ऐकते आणि न सांगितलेलं मुळीच ऐकत नाही, असं समजा. परभणीच्या आमच्या शाळेला तो एका माजी विद्यार्थ्याने भेट दिला. भेट स्वीकारून झाल्यावर, हार घालून झाल्यावर, प्रश्न निघाला की आता हा सांभाळायचा कुणी. विज्ञानाचे सर म्हणाले, मला प्रयोगशाळा पुरे. गणिताचे सर म्हणाले, माझ्या डोळ्यांना पडदा सोसत नाही. तेव्हा हेडसरांना आठवलं की कुठल्याशा व्याख्यानात त्यांनी ऐकलं होतं, संगणकाला जगात सर्वांत योग्य भाषा कोणती तर संस्कृत. ते तडक स्टाफरूममध्ये आले आणि माझ्यापुढे किल्ली ठेवली. "बाई, घ्या. तुमच्याच भाषेचं मशीन हाय, आमाला काय कळतंय त्यातलं."

मी पहिल्याच दिवशी इंग्रजी अक्षरांत 'देवः' असं टाइप करून पाहिलं. तुम्ही मला शिकवलेलं पहिलं रूप तेच होतं. पडद्यावर उत्तर आलं, 'बॅड कमांड'. देवाला बॅड कमांड म्हणणारं यंत्र संस्कृतच्या शिक्षिकेकडे सोपवणारी आमची शाळा आहे, हे तुम्ही असता तर तुम्हाला हसायला दोन दिवस पुरलं असतं. पण किल्ली परत करायचं माझं मन झालं नाही. सोबत आलेलं जाडजूड पुस्तक घेऊन बसले. वर्षभर त्या पेटीचं व्याकरण शिकले, आणि एवढं कळलं की व्याख्यान देणाऱ्याचं अगदीच चुकलं नव्हतं. तिला संस्कृत येत नाही, पण तिचा स्वभाव तुमचा आहे. एक स्वल्पविराम चुकला की वाक्यच्या वाक्य नाकारते. चूक कुठल्या ओळीत आहे ते सांगते, काय आहे ते सांगत नाही. फक्त तुमच्या घरी काकू यायच्या तसं मधेच चहा घेऊन कुणी येत नाही.

त्या पेटीत एक सापाचा खेळ आला होता. पडद्यावर एक साप सरपटतो, बाणांच्या बटणांनी त्याला वळवायचं, आकडे खायला घालायचे, खाल्लं की तो लांब होतो, आणि भिंतीवर किंवा स्वतःच्याच अंगावर आपटला की मेला. नववीच्या पोरींनी तो पहिल्याच आठवड्यात हुडकला. मी रागावणार होते. बसस्टँडजवळच्या व्हिडिओ गेमच्या दुकानात पोरं शाळा बुडवून जातात, तिथला गोंगाट मी रोज ऐकते, आणि खेळ म्हणजे तो असं माझं मत पक्कं होतं. पण चुडाव्याहून रेल्वेने येणाऱ्या एका पोरीने मला विचारलं, "बाई, ह्याला वळायचं कोण सांगायलंय?" मी म्हटलं, तूच सांगतेस, बटण दाबून. "आमी नुसतं दाबतोत. बटण दाबलं की वळायचं, हे त्याला कोण सांगितलंय?" गुरुजी, असा प्रश्न कानावर पडला की रागवायची सोय राहत नाही.

शोधता शोधता सापडलं की तो खेळ उघडता येतो. म्हणजे त्याला जे जे सांगितलेलं आहे ते सगळं ओळीने लिहिलेलं आहे आणि ते वाचता येतं. साप किती वेगाने जाणार, भिंत कुठं असणार, मेल्यावर काय अक्षरं उमटणार, सगळं. नुसतं वाचता येतं असं नाही, बदलता येतं. पोरींनी आधी मेल्यावरचं वाक्य बदललं. इंग्रजी वाक्याच्या जागी 'मेला बिचारा' आलं, मग 'बाई आल्या पळा' आलं. मग एकीने भिंतीचा आकडा बदलला आणि साप पडद्याबाहेर जाऊन सगळं यंत्रच थांबलं. तिचा चेहरा पांढरा पडला. मी तिला तुमची पद्धत सांगितली. तुम्ही मुद्दाम एखादं रूप चुकीचं म्हणायचात आणि डोळे मिटून बसायचात, कोण हरकत घेतंय याची वाट बघत. कुणीच घेतली नाही तर त्या दिवशी नवा पाठ नाही. तसंच, मी म्हटलं, आता तू चूक केलीस, यंत्राने हरकत घेतली, आता दोघं मिळून शोधा. आणि या खेळांविषयी माझं जे काही मत आहे ते त्या दिवशी बनलं. बसस्टँडवरचा खेळ आणि आमचा खेळ दिसायला भावंडं आहेत. फरक एवढाच की तो कुलपात आहे. तिथं पोरगं खेळ खेळत नाही, खेळ पोराला खेळवतो. आमच्याकडे चुकलं की साप मरतो, पण छडी मारत नाही, वडिलांना बोलावणं धाडत नाही, आणि लगेच पुन्हा उभा राहतो. एवढ्या सोशिकपणे तर मीही शिकवत नाही.

खंडेनवमीला हेडसरांनी यंत्राची यथासांग पूजा केली. पडद्याला हळदकुंकू, पेटीला झेंडूचा हार, आणि अक्षता बटणांवर. दुसऱ्या दिवसापासून काही बटणं दाबली की दाबलेलीच राहू लागली आणि पडद्यावर एकाच अक्षराची रांग लागली. "मेकॅनिक नांदेडहून बोलवावा लागंल," हेडसर म्हणाले, "तोवर हात लावू नका कुणी." मी पोरींना पेचकस आणून दिला. त्यांनी बटणांची पाटी उलटी करून उघडली, तांदळाचे दाणे वेचून काढले, पुसून पुन्हा बसवली. हेडसर दारात चपला काढून उभे होते (त्या खोलीत चपला घालून जायचं नाही असा त्यांचाच नियम), आणि पूजेच्या अक्षता निघताना बघून त्यांना नमस्कार करावा की ओरडावं ते ठरवता येत नव्हतं. शेवटी म्हणाले, "केराच्या डब्यात टाकू नका, तुळशीत टाका." मला ते मनापासून पटलं आणि आम्ही तसंच केलं.

मग माझ्या फळ्याचं प्रकरण झालं. इंग्रजी आज्ञा पोरींच्या तोंडात बसेनात, म्हणून मी शेजारी आपले शब्द लिहिले. नक्कल करायची त्याला 'प्रत'. पुसायचं त्याला 'लोप'. फाइलचं नाव बदलायचं त्याला, दुसरं काय लिहिणार, 'नामांतर'. तुम्हाला हा साधा शब्द वाटेल. तुमच्यानंतर या शब्दाने मराठवाड्यात घरं जळली आहेत, गुरुजी. विद्यापीठाला नवं नाव द्यायचं की नाही यावरून इतकी वर्षं चाललंय आणि अजून निकाल लागायचाय. या दिवसांत पुन्हा एस्ट्या बंद पडतात आणि पोरींना चालत घरी पाठवावं लागतं. हेडसर फळ्यापुढे येऊन थबकले.

"बाई, हे काय लिव्हलंय?"

"फाइलचं आहे, सर."

"फाइलचंच असंल. रस्त्यावरनं खिडकीतून बघणाऱ्याला फाइल दिसत न्हाई, शब्द दिसतो. पुसा ते."

"मग काय लिहू?"

"इंग्रजीच राहू द्या. इंग्रजीत कुणाच्या भावना दुखत न्हाईत."

तो शब्द मी पुसला नाही. खिडकीला पडदा लावला, ही माझी तडजोड. चुडाव्याच्या पोरीने, तिचे वडील रेल्वेत गँगमन आहेत आणि त्यांच्या घरात हा शब्द माझ्याइतका स्वस्त नाही, फळ्याकडे बघत विचारलं, "बाई, नाव बदललं तर आतलं काही जातं का?" मी म्हटलं, एक अक्षरसुद्धा जात नाही, करून बघ. तिने करून बघितलं. फाइल उघडली, सगळ्या ओळी जागच्या जागी. ती म्हणाली, "मग द्यायला काय होतंय ह्यांना?" मी तुमच्याकडे कितीतरी वर्षं न्याय आणि व्याकरण शिकले, आणि या प्रश्नाला तिच्यापेक्षा सरळ बोलता येईल असं मला अजून सुचलेलं नाही.

आणि लोप. तुम्ही सांगायचात की व्याकरणात लोप म्हणजे नाश नव्हे. अक्षर दिसत नाही एवढंच, त्याचं काम चालूच असतं. पोरी खेळतात अशी तक्रार एका पालकाने केली आणि हेडसरांनी खेळ पुसायचा हुकूम दिला. मी त्यांच्यासमोर पुसला. ते समाधानाने गेले. मग पुस्तकात वाचलं की यंत्र पुसतं म्हणजे काय करतं, तर नावाचं पहिलं अक्षर काढून टाकतं आणि ती जागा मोकळी आहे असं समजतं. आतलं सगळं तसंच पडून असतं. परत आणायचं म्हटलं तर यंत्र एकच गोष्ट विचारतं, पहिलं अक्षर कोणतं होतं. पोरींना ते पाठ होतं. साप परत आला. हेडसरांपासून मी हे लपवलं नाही, उलट खोलीत बोलावून करून दाखवलं. ते पडद्याजवळ वाकून म्हणाले, "मंजे पुसलेलं पुसलं जात न्हाई?" मी म्हटलं, त्याच जागी वर दुसरं काही लिहिलं तर जातं, मग मात्र कुणाच्या बापाला आणता येत नाही. "अवघडच हाय," म्हणाले, आणि खेळाचा विषय पुन्हा काढला नाही. माणूस वाईट नाही. त्यांना फक्त शाळेवर दगड यायला नकोत.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. शहरातली एक काँप्युटर शिकवणारी संस्था शाळेशी करार करायला आलीय. ते नवी यंत्रं देणार, फुकट. या खोलीत त्यांचे धडे चालणार. त्यांचे म्हणजे कुलूपबंद. पडद्यावर प्रश्न येईल, पोरीने बटण दाबायचं, बरोबर की चूक ते दिसेल, पुढचा प्रश्न. आपलं जुनं यंत्रही त्यांच्याकडे जाणार आणि त्याच्यावर त्यांचं सगळं चढवणार, म्हणजे आमच्या सापाच्या, आमच्या सगळ्या खटपटीच्या वर दुसरं लिहिलं जाणार. करारात एक वाक्य आहे: 'अधिकृत विद्यार्थ्यांव्यतिरिक्त कोणीही यंत्र हाताळू नये व कोणीही आतील मजकूर पाहू अथवा बदलू नये.' अधिकृत म्हणजे फी भरलेले. चुडाव्याची पोर त्यात बसत नाही, आणि नववीतल्या निम्म्याहून अधिक पोरी बसत नाहीत. ताबा माझ्याकडे असल्याने यंत्र सोपवतानाची सही माझी लागते. सोमवारी शाळा समितीची बैठक आहे.

त्या संस्थेचे गृहस्थ मला भेटले. टाय लावलेले, बोलायला गोड. "मॅडम, आतलं बघून पोरांना काय करायचंय? गाडी चालवायला इंजिन उघडावं लागतं का?"

"माझी मोपेड आठवड्याला उघडावी लागते," मी म्हटलं.

ते हसले. "तशी जुनी वस्तू आम्ही देणारच नाही."

"नवी जुनी व्हायला किती दिवस लागतात?"

यावर त्यांनी हेडसरांकडे पाहिलं, आणि हेडसरांनी छताकडे. नंतर हेडसर मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, फुकट मशिनी यायल्यात. अख्ख्या जिल्ह्यात कोणाकडं न्हाईत. तुमी आडव्या का येता?"

मी अन्यायाने बोलू नये म्हणून स्वतःशी बराच वाद घातला. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला पोट आहे. त्याने लिहिलेलं चोरून विकावं असं माझं म्हणणं नाही. विकत घ्या, दाम मोजा. पण पोथी विकत घेतल्यावर ती वाचायची परवानगी वेगळी मागावी लागते आणि समासात टीप लिहिणं हा गुन्हा ठरतो, हे मला पचत नाही. आज हे पेटीपुरतं आहे. उद्या बँक, रेल्वेचं तिकीट, सातबारा असल्याच पेट्यांत जाणार, याबद्दल मला शंका नाही. तेव्हा आपल्याबद्दल आत काय लिहिलंय आणि कुणी लिहिलंय, हे विचारायची सवय कुणाला तरी असायला हवी. ती सवय फी भरल्याने लागत नाही. उघडायला मिळालं की लागते.

'अधिकृत' हा शब्द वाचला आणि मी तुमच्या स्वयंपाकघरात जाऊन पोचले. बाहेरच्या खोलीत मुलं ओळीने बसलेली आहेत. मी आत, चुलीजवळ. लिंगायत वाण्याची, गळ्यात लिंग असलेली, त्यातून मुलगी, म्हणून तुमच्या घरातच कुणीतरी ठरवलंय की हिने आत बसून ऐकायचं. काकू अंबाडीची भाजी निवडतायत आणि मी त्यांना मदत करत, बाहेरून येणाऱ्या तुमच्या आवाजामागे पुटपुटतेय. तुम्ही एक रूप चुकीचं म्हणता. बाहेर सगळे गप्प. काकू मला कोपराने ढोसतात, "सांग की गं पोरी, मला बी कळलं." मी आतूनच बरोबर रूप ओरडते. त्या दिवशी तुमच्याकडे एक बडे गृहस्थ आलेले होते, निजामाच्या काळात कचेरीत काम केलेले. त्यांनी विचारलं, "ही कोण? हिला अधिकार कुणी दिला?" मी भाजीत तोंड खुपसलं. बाहेरून तुमचा आवाज आला, नेहमीसारखा कोरडा. "दिला कुणी ते कशाला पुसता? काढून घेतला कुणी ते सांगा. त्याच्याकडून परत मागून आणतो." मग मला हाक मारलीत, "बाहेर ये, अन् ती भाजी तिथंच ठेव." मी बाहेर आले तेव्हा हात हिरवे होते आणि बसायला जागा नव्हती. तुम्ही मुलांना सरकायला सांगितलं नाही. मलाच म्हणालात, "उभी काय राहिलीस? जागा करून घे." मला तेव्हा तुमचा राग आला होता. एवढं बोललात, मग सतरंजीवर जागाही करून द्यायला काय झालं होतं. आज नववीच्या वर्गाला शिकवताना तो राग गेलाय असं म्हणवत नाही, पण कळतं. मी माझी मी बसले, म्हणून मला तिथून पुन्हा कुणी उठवू शकलं नाही.

तेव्हा सोमवारी मी सही करणार नाही. नवी यंत्रं त्यांनी खुशाल आणावीत, शेजारच्या खोलीत मांडावीत, मी स्वतः झाडून देईन. हे जुनं यंत्र उघडं राहील, ज्या पोरीला यायचंय तिच्यासाठी, फी न भरता. समितीने ते मान्य केलं तर ठीक. नाही केलं तर ताबा काढून घेतील, आणि मग सही करणारं दुसरं कुणी मिळेल, हे मला कळतं. म्हणून काल पोरींना फ्लॉप्या, म्हणजे ज्यात यंत्रातलं लिहून बाहेर नेता येतं त्या चकत्या, आणायला लावल्या आणि आम्ही केलेलं सगळं त्यांच्यावर उतरवून एकेकीच्या दप्तरात दिलं. त्यांच्या घरी यंत्र नाही. काहींच्या घरी वीजही नाही. पण त्यांनी लिहिलेलं त्यांच्याकडे आहे, कुणी वर काही चढवू शकत नाही. हेडसरांना हे मी सोमवारी बैठकीतच सांगेन. ते घाम पुसतील, "अवघडच हाय" म्हणतील, आणि बहुधा माझ्या बाजूनेही बोलणार नाहीत, विरोधातही नाहीत. तेवढं पुरे.

शनिवारची दुपार आहे. शाळा सकाळीच सुटली, खोलीत मी एकटी आहे, चपला बाहेर. यंत्राला आपली लिपी येत नाही म्हणून हे हाताने लिहितेय, आणि लिहून झालं की इथंच राहील, तुमचा पत्ता माझ्यापाशी नाही. एक कबूल करते, गुरुजी. सोमवारी मी अधिकाराचं बोलेन, पोरींचं बोलेन, उद्याच्या बँकांचं आणि सातबाऱ्याचं बोलेन, आणि ते सगळं खरं आहे. पण त्यात एक गोष्ट बैठकीत सांगता येणार नाही अशी आहे. माझ्या हातून तो साप कधीच जगला नाही. बोटं वेळेवर वळत नाहीत. पोरींनी हे बघितलं असावं. गेल्या आठवड्यात त्यांनी आत जाऊन वेगाचा आकडा बदलला आणि एक वेगळी प्रत करून ठेवली. तिला नाव दिलं 'बाई'. मला सांगितलं नाही, मीच यादी बघताना सापडली. त्यात साप इतका हळू चालतो की माझ्या वयाच्या माणसाला विचार करून वळता येतं. मघाशी, हे पत्र अर्धं झाल्यावर, मी तो तासभर खेळले.